योहान डाविड क्योलर

योहान डाविड क्योलर (१८ जानेवारी १६८४, कोल्डिट्झ – १० मार्च १७५५, ग्यॉटिंगन) हे जर्मन इतिहासकार, ग्रंथपाल व नाणकशास्त्रज्ञ होते. नाण्यांवरील त्यांच्या साप्ताहिकाचा उल्लेख थालर या चांदीच्या नाण्यांचे संग्राहक आजही करतात.

== जीवन ==
सॅक्सनीत जन्मलेल्या क्योलर यांचे शिक्षण विटेनबर्ग येथे झाले. न्युर्नबर्ग नगरीच्या आल्टडोर्फ येथील विद्यापीठात ते प्रथम तर्कशास्त्राचे व नंतर इतिहासाचे प्राध्यापक झाले. १७३५ मध्ये ते नव्याने उभ्या राहत असलेल्या ग्यॉटिंगन विद्यापीठात गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

== नाणेविषयक कार्य ==
न्युर्नबर्ग ही थेट सम्राटाच्या अधीन असलेली स्वायत्त नगरी असून तिची स्वतःची टांकसाळ होती. अशा नगरींच्या थालरवर एका बाजूस नगरीचे चिन्ह किंवा तटबुरुजांसह देखावा, तर दुसऱ्या बाजूस बहुधा सम्राटाचा दुतोंडी गरुड असे. १५६६ च्या साम्राज्य-नियमाने थालरचे वजन सुमारे २९ ग्रॅम ठरले होते. एवढ्या मोठ्या चकतीवर तह, विवाह, मृत्यू असे प्रसंगही कोरता येत. तीस वर्षांच्या युद्धानंतरच्या शांततेप्रीत्यर्थ न्युर्नबर्गने १६५० मध्ये चांदीची चौकोनी नाणी काढली. त्यांवर काठीच्या घोड्यावर बसलेला मुलगा आहे.

धनिकांच्या कपाटातील अशी नाणी सामान्य अभ्यासकाच्या दृष्टीसही पडत नसत. क्योलर यांनी १७२९ पासून न्युर्नबर्ग येथे 'हिस्टोरिशे म्युन्झ-बेलुस्टिगुंग' (नाण्यांद्वारे ऐतिहासिक मनोरंजन) हे साप्ताहिक काढून ती वाचकांपर्यंत नेली. आठ पानांच्या प्रत्येक अंकात एका नाण्याचे कोरीव चित्र, त्याचे वर्णन आणि त्यामागील इतिहास असे. नाव मनोरंजनाचे असले, तरी नाण्याला इतिहासाचे साधन मानण्याची त्यातील दृष्टी गंभीर होती. १७५० पर्यंत त्याचे २२ भाग निघाले. नाणी मात्र देशवार वा कालानुक्रमे लावलेली नाहीत. त्यामुळे पुढे निघालेल्या दोन खंडांच्या सूचीवाचून हवे ते नाणे शोधणे कष्टाचे आहे.

== इतर लेखन ==
१७४१ मध्ये त्यांनी मुद्रणकलेच्या शोधाचे श्रेय गुटेनबर्ग यांचेच असल्याचे मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुटेनबर्ग व फुस्ट यांच्यातील दाव्याचा १४५५ चा दस्तऐवज त्यांनी त्यात मूळ प्रतीवरून छापला. ग्रंथालये व नाणेसंग्रह कसे पाहावेत याविषयी प्रवासी विद्वानांसाठी केलेले त्यांचे मार्गदर्शन १७६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुत्र योहान टोबियास क्योलर यांनी प्रसिद्ध केले.