औंधचा पोलिश इंजिनिअर

इंजिनिअर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कॅम्पस, पॅकेज आणि जमलंच तर परदेश. पण एक इंजिनिअर असाही होऊन गेला, जो परदेशातून इकडे आला आणि इथलाच झाला. त्याचं नाव मॉरिस फ्रीडमन.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३० च्या दशकात ते भारतात आले आणि बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या विजेच्या कारखान्याचा कारभार पाहू लागले. पगार, मान, सगळं होतं. पण गांधीजींच्या विचारांनी त्यांना असं काही ओढलं, की त्यांनी खादी घातली आणि भारतानंद हे नाव घेतलं.

सातारा जिल्ह्यातलं औंध म्हणजे यमाईच्या डोंगराखालचं छोटंसं गाव, पण तेव्हा एका संस्थानाची राजधानी. मुलूख दुष्काळी आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला. किर्लोस्करवाडीचा कारखानाही याच संस्थानातला. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याशी फ्रीडमनची मैत्री जमली. १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपणहून सत्ता प्रजेच्या हाती दिली. गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या त्या घटनेच्या कामात फ्रीडमनचा मोठा वाटा होता.

पुढचा प्रयोग तर आणखी धाडसाचा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैद्यांना भिंतीआड कोंडायचं नाही. त्यांनी मोकळ्यावर शेती करायची, बायका-मुलांसह राहायचं. पळून जाणं सोपं होतं, म्हणून तर विश्वासाची परीक्षा होती! 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट यावरूनच सुचला. त्याची कथा लिहिणारे गदिमाही त्याच मुलखातले.

डोक्यातला इंजिनिअर मात्र गेला नव्हता. चरखा घेणं न परवडणाऱ्यांसाठी त्यांनी धनुष तकली बनवली. धनुकली पुढेमागे ओढली की चाती गरगर फिरते. चाक नाही, खर्च नाही. मोटारी बनवू शकणाऱ्या माणसाने गरिबाच्या हाताला काय झेपेल, याचा विचार केला.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. फ्रीडमन इथेच राहिले. १९५९ नंतर त्यांनी तिबेटी निर्वासितांसाठी धडपड केली. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेऊन १९७३ मध्ये जगासमोर ठेवली. मुंबईतच त्यांनी देह ठेवला.

सेवाग्राम आपल्या नागपूरहून बसने दोनेक तासांवर आहे. गेलात तर तिथल्या चरख्याकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. यंत्र कोणासाठी बनवायचं, हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नाही. फ्रीडमननी मात्र तो सोडवून दाखवला.