लिओ फेंडर : दुरुस्तीच्या टेबलावर घडलेला संशोधक

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास ज्यांच्या नावावाचून लिहिताच येणार नाही, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. ते वादक नव्हते आणि पदवीधर अभियंतेही नव्हते. शिक्षणाने हिशेबनीस आणि व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर, एवढीच त्यांची आरंभीची ओळख होती. तरीही सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेले कित्येक ॲम्प्लिफायर आजही वाजत आहेत. हे यंत्र एक ना एक दिवस बिघडणार आणि कोणाला तरी ते उघडावे लागणार, याची जाणीव ठेवूनच फेंडर यांनी ते घडविले होते. त्यांच्या यशाचे मर्म या जाणिवेत आहे.

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम व फुलर्टन या गावांच्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबात झाला. आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. बालपणीच गाठीच्या आजाराने त्यांचा डावा डोळा गेला व त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या काकांनी १९२२ च्या सुमारास टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी त्यांना पाठविली. त्या पेटीने मुलाला रेडिओचे वेड लावले, ते कायमचे. महाविद्यालयात मात्र त्यांनी हिशेबशास्त्राचाच अभ्यास केला.

महामंदीच्या काळात त्यांच्या नोकऱ्या गेल्या. अखेर १९३८ मध्ये सहाशे डॉलरचे कर्ज काढून ते पत्नी एस्थर यांच्यासह फुलर्टनला परतले आणि त्यांनी ‘फेंडर्स रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान थाटले. रेडिओंबरोबरच स्थानिक वादक आपले बंद पडलेले ॲम्प्लिफायर तेथे घेऊन येऊ लागले. कोठे आवाज फाटतो, कोणता सांधा निखळतो, प्रवासात काय मोडते, हे त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा या गिऱ्हाइकांनी अधिक शिकविले. डॉक कॉफमन यांच्यासोबत त्यांनी वाद्ये व ॲम्प्लिफायर बनविण्यास प्रारंभ केला. १९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाले आणि फेंडर यांची स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

तो व्हॉल्व्हचा जमाना होता. व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेल्या आपल्याकडील जुन्या पिढीला बटण दाबल्यानंतरची ती प्रतीक्षा आठवत असेल. या व्हॉल्व्हमधील एक म्हणजे रेक्टिफायर. घरात येणारी वीज सेकंदाला अनेकदा दिशा बदलते. इतर व्हॉल्व्हना मात्र एकाच दिशेने वाहणारा, काही शे व्होल्ट दाबाचा पुरवठा लागतो. तापलेल्या तारेतून वा कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, उलट येत नाहीत. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध केलेल्या या तत्त्वावर रेक्टिफायर चालतो. तो ध्वनी वाढवीत नाही. पण तो थांबला की सारेच मुके होते.

फेंडर यांच्या लहानग्या ‘चॅम्प’मध्ये ‘५वाय३’ हा रेक्टिफायर असे, तर १९५० च्या दशकाअखेरच्या ‘बासमन’मध्ये ‘जीझेड३४’. वादकाने तारेवर जोराचा आघात केला, की विजेची मागणी एकदम वाढते आणि रेक्टिफायरमध्ये व्होल्टेज क्षणभर खाली येते. त्यामुळे सूर किंचित दबतो आणि मग फुलतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. वादकांना मात्र तो जिवंतपणा वाटला. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी फेंडर यांच्याच कारखान्यात मोठ्या क्षमतेच्या काही ॲम्प्लिफायरांत सेमीकंडक्टर डायोड आले. परंतु व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरची ओढ आजही संपलेली नाही.

या व्हॉल्व्हची परीक्षा कशी घेतात, हे पाहिले की फेंडर यांच्या रचनेचे मोल उमगते. ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला, तर कारागीर रेक्टिफायर सॉकेटमधून काढतो, त्याच क्षमतेचा नवा फ्यूज घालतो आणि यंत्र सुरू करतो. तरीही फ्यूज उडाला, तर संशय ट्रान्सफॉर्मर वा त्याच्या तारांवर. फ्यूज टिकला, तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. नवा रेक्टिफायर बसवूनही फ्यूज जात असेल, तर गळका कंडेन्सर किंवा बिघडलेला आउटपुट व्हॉल्व्ह शोधायचा. अन्यथा नवा रेक्टिफायरही फुकट जातो. मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळण्याला आमंत्रणच. शिवाय प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये प्राणघातक वीज साठलेली असू शकते. म्हणून यंत्राच्या पोटात हात घालणे हे जाणकाराचेच काम.

बदली व्हॉल्व्ह केवळ सॉकेटमध्ये बसतो म्हणून चालत नाही. ‘५वाय३’च्या जागी ‘जीझेड३४’ घातला, तर व्होल्टेज वाढून इतर व्हॉल्व्हवर ताण येतो. ‘५यू४’ला तर तापण्यासाठीच तीन अँपिअर लागतात, दोन अँपिअरची तरतूद असलेला ट्रान्सफॉर्मर त्याने तापतो. फेंडर यांच्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यात आतल्या बाजूस कोणता व्हॉल्व्ह कोठे, हे सांगणारा तक्ता चिकटविलेला असे. दुसऱ्या गावातल्या अनोळखी कारागिरालाही त्यावरून वाट सापडावी. हीच दृष्टी गिटारमध्येही दिसते. १९५१ च्या ‘टेलिकास्टर’ची मान स्क्रूने जोडलेली आहे. ती खराब झाली, तर अख्खे वाद्य टाकावे लागत नाही. त्याच वर्षी ‘प्रिसिजन बास’ आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये पहिला ॲम्प्लिफायर केला, तोही ‘बासमन’च्याच धर्तीवर.

वैभवाच्या शिखरावर असताना जुनाट जंतुसंसर्गाने फेंडर यांना ग्रासले. आपण फार काळ जगणार नाही, अशी त्यांची समजूत झाली आणि १९६५ मध्ये त्यांनी कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरना सीबीएसला विकली. पुढे उपचार लागू पडले, ते बरे झाले. पण स्वतःचे नाव मात्र परक्याच्या मालकीचे झाले होते. १९६५ पूर्वीच्या फेंडर वाद्यांना आज संग्राहक मोठी किंमत मोजतात, ते त्या व्यवहाराची आठवण ठेवूनच. फेंडर मात्र खचले नाहीत. आधी ‘म्युझिक मॅन’ आणि नंतर जॉर्ज फुलर्टन यांच्या साथीने ‘जी अँड एल’ या कंपन्यांत ते पुन्हा कामाला लागले. पार्किन्सनच्या विकाराने शरीर थकले, तरी त्यांचा कारखाना सुटला नाही. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथेच त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

बिघडले की टाकून द्यायचे, हा आजच्या बाजाराचा नियम आहे. मोबाइलची बॅटरी बदलायची म्हटली, तरी ते अनेकदा आपल्या हातात उरत नाही. अशा काळात सत्तर वर्षांच्या ॲम्प्लिफायरमध्ये एखादा कारागीर जुना रेक्टिफायर काढतो, नवा बसवितो, क्षणभर थांबतो आणि स्पीकरमधून पुन्हा सूर उमटतो. गिटार न वाजविणाऱ्या त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असू शकेल?