ख्रिस्तियान डॉप्लर : वारा मोजणाऱ्या प्रकाशामागील नाव

पावसाळ्यात हवामानाच्या बातम्यांतून ‘डॉप्लर रडार’ हे शब्द वरचेवर कानांवर पडतात. ज्यांचे नाव त्या यंत्राला लाभले, त्यांनी स्वतः वारा कधी मोजला नाही. त्यांची दृष्टी ताऱ्यांवर होती, आणि ताऱ्यांविषयीचे त्यांचे मुख्य अनुमान तर चुकलेच.

ख्रिस्तियान डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबर्ग येथे पाथरवटांच्या घराण्यात झाला. प्रकृती तोळामासा, छिन्नी-हातोडा पेलवणार नाही, म्हणून त्यांना शिक्षणाकडे वळविण्यात आले. व्हिएन्नात गणित शिकूनही स्थिर नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. १८३५ मध्ये चीजवस्तू विकून ते अमेरिकेस निघण्याच्या बेतात होते. तोच प्राग येथे अध्यापकाची जागा मिळाली.

त्याच शहरात २५ मे १८४२ रोजी त्यांनी जुळ्या ताऱ्यांच्या रंगांवरील निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असल्यास वारंवारता वाढलेली आढळते, दूर जात असल्यास घटलेली, हे त्यातील तत्त्व निर्दोष होते. मात्र ताऱ्यांचे रंग त्यामुळेच दिसतात, हे प्रतिपादन टिकणारे नव्हते. प्रकाशाच्या मानाने ताऱ्यांचे वेग फारच अल्प असतात.

१८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारीवादक बसवून ध्वनीपुरती परीक्षा घेतली. ते मूळचे साशंक. तरी तत्त्व खरे ठरले. योगायोग असा की, हेच गृहस्थ पुढे वायुभार आणि वाऱ्याची दिशा यांच्या नियमासाठी प्रसिद्धीस आले.

डॉप्लर यांना मात्र स्वास्थ्य लाभले नाही. १८५० मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकी संस्थेचे प्रमुख झाले. ग्रेगोर मेंडेल तेथे त्यांचे विद्यार्थी होते. १८५२ मध्ये गणिती पेट्झवाल यांनी विज्ञान अकादमीत त्यांच्या सिद्धान्तावर कठोर हल्ला चढविला. ढासळलेली प्रकृती सावरण्यासाठी व्हेनिसला गेलेले डॉप्लर १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यानंतर १५ वर्षांनी हगिन्स यांनी व्याध ताऱ्याच्या वर्णपटरेषांत ते स्थलांतर शोधले.

आज वारा मोजणाऱ्या लिडार यंत्रातून लेसर किरण हवेत सोडतात. वाऱ्याबरोबर वाहणारे धूलिकण त्याचा किंचित अंश परत फिरवितात. किरणाच्या दिशेत सेकंदाला १ मीटर वेग असला, तर वारंवारतेतील फरक सुमारे १५ कोटींत एक भाग एवढाच. डोळ्यांना तो कसला दिसणार! परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून त्यांच्या ठोक्यांवरून तो काढावा लागतो. हवा खवळलेली असली की प्रश्न आणखी बिकट होतो. एकाच झोतातील कण निरनिराळ्या वेगांनी धावतात, त्यामुळे एक नेमका आकडा न मिळता वारंवारतांचा रुंद पट्टा हाती येतो. त्याच्या मध्यावरून सरासरी वेग कळतो. रुंदीवरून हवेतील खळबळीचा अंदाज येतो, आणि विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकास बहुधा तोच अधिक मोलाचा असतो.