खाशाबा जाधव : मेडलनंतरची 32 वर्षं

ऑलिम्पिक म्हटलं की आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसायला जागा नसते. पण स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल कोणी मिळवून दिलं, असं विचारलं तर निम्मे तरी गप्प बसतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे पेले, ब्रॅडमन सगळे शिकवले, खाशाबा मात्र कुठेच नव्हते. आमच्या बीबीकडे यात्रेत कुस्त्या बघायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते नाव बरोबर माहीत असतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 ला कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील पैलवान, त्यामुळे बाळकडू घरातच. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. उंची बेताची, पण चपळाई भलतीच. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

1948 ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. सराव सगळा लाल मातीतला आणि तिथे पुढ्यात मॅट! पाय टेकवण्यापासून सगळंच वेगळं (आपल्या भाषेत सांगायचं तर कोएफिशंट ऑफ फ्रिक्शनच बदलला). तरी फ्लायवेट गटात सहावे आले.

1952 च्या हेलसिंकीसाठी तर आधी निवडच झाली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती जिंकली. आता प्रश्न पैशांचा. गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, तरी कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण! मला तर ही गोष्ट मेडलएवढीच मोठी वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग एक लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवसमोर उभं केलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते सांगायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा हरले आणि ब्राँझवर थांबावं लागलं. गोल्ड जपानच्या इशीईने नेलं.

कराडला परतले तेव्हा 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. जल्लोष ओसरल्यावर खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

1955 मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 चं मेलबर्न हुकलं. पुढची जवळजवळ सगळी नोकरी त्याच पदावर गेली, असिस्टंट कमिशनरची बढती मिळाली ती अगदी रिटायर व्हायच्या तोंडावर. नंतर पेन्शनसाठीही खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

दुसरं वैयक्तिक मेडल यायला 1996 उजाडलं. ते लिअँडर पेसचं, टेनिसमधलं ब्राँझ. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळालाच नाही. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं 2010 साली.