प्रतिपक्षाचा विजय

सांगली संस्थानचा मुलूख सलग असा नव्हताच. कृष्णाकाठच्या राजधानीपासून दूर, अगदी बेळगावच्या वेशीला लागून असलेले शहापूरही याच संस्थानात मोडत असे. आज ते बेळगाव शहराचाच एक भाग होऊन गेले आहे. तेव्हा सांगलीचा कोणी मुलगा नावारूपाला आला, तर बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांनी त्याला परका मानण्याचे कारण नव्हते. अशा या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर, भावंडे आठ, घर मराठी ख्रिस्ती. हा शेवटचा तपशील एरवी सांगितलाही नसता. परंतु त्या काळी क्रिकेटमध्ये कोणी कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या, हे पुष्कळ वेळा याच तपशिलावर ठरत होते.

मुंबईतल्या पंचरंगी सामन्यांची ही गोष्ट. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ आधीपासून होते. १९३७ साली त्यांत पाचव्या संघाची भर पडली. ख्रिस्ती, यहुदी आणि जे या चौघांत बसत नव्हते ते सारे या पाचव्या संघात. त्याचे नावच मुळी 'रेस्ट', म्हणजे उरलेले. या उरलेल्यांमागे प्रेक्षकांचे पाठबळ ते कितीसे असणार? महात्माजींनी १९४० साली या जातीय सामन्यांविषयी नापसंती दर्शविली होती, तरी गर्दी काही हटली नव्हती.

हजारे यांच्या बाबतीत पेच आणखी एका ठिकाणी होता. १९३९-४० च्या मोसमात त्यांनी रणजी सामन्यात पुण्याला महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या मोसमात आणि त्याच्या पुढच्याही मोसमात रणजी करंडक जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हजारे गेले ते थेट बडोद्याला, महाराजांच्या पदरी! त्या दिवसांत क्रिकेटवर पोट भरावयाचे तर संस्थानिकांचाच आश्रय शोधावा लागे, आणि शिक्षकाच्या घरातल्या आठांपैकी एकाला दोष तो काय द्यावयाचा? तरीही कालपर्यंत आपल्या संघाची भिंत असलेला माणूस उद्या प्रतिपक्षाची भिंत होतो, हे पुण्याकडच्या अभिमानी मंडळींना गोड लागणे कठीणच. बडोदेकरांची गंमत निराळी. ज्याने आपल्या गोलंदाजांना बडवले, त्यालाच त्यांनी घरी आणले, आणि १९४२-४३ साली रणजी करंडक बडोद्याला आला.

मग १९४३ ची अखेर. पंचरंगीत हजारे यांनी मुसलमानांविरुद्ध २४८ धावा केल्या आणि रेस्टचा संघ अंतिम सामन्यात हिंदूंसमोर उभा राहिला. हिंदूंचे कर्णधार विजय मर्चंट. दोन्हीकडे विजयच! मर्चंट म्हणजे मुंबईच्या तंत्रशुद्ध फलंदाजीचा मूर्तिमंत आदर्श. त्यांनी नाबाद २५० धावा केल्या, आणि ५ बाद ५८१ वर हिंदूंनी डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांतल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन. येथे सामना संपल्यातच जमा होता.

दुसऱ्या डावात पाच गडी लवकर गेले आणि हजारेंच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. पुढच्या भागीदारीत ३०० धावा झाल्या, आणि त्यांत विवेकच्या धावा किती? अवघ्या २१. क्रिकेटच्या हिशेबात धाकट्याचे नाव एवढ्याशा आकड्यापुढे लिहिले जाते, पण मला तो आकडा फार मोलाचा वाटतो. थोरला खेळतो आहे तोवर दुसरे टोक सोडायचे नाही, एवढे एकच काम त्याने अंगावर घेतले होते. विजय हजारे यांनी ३०९ धावा केल्या. संघाची धावसंख्या ३८७. म्हणजे बाकीचे दहा गडी आणि अवांतर धावा मिळून ७८. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

सामना हिंदूंचा, पण नाव झाले ते हजारेंचे. ब्रेबॉर्नवर जमलेल्या गर्दीत हिंदू संघाचे पाठीराखे बहुसंख्य. त्यांना हवा तो निकाल लागला होता. परंतु आज त्या सामन्याची आठवण निघते ती त्या एकाकी ३०९ साठीच. मर्चंटनी त्याच मोसमात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढून उत्तर दिले, आणि कोणता विजय मोठा, हा वाद मुंबईच्या कट्ट्यांवर व आपल्याकडच्या वाड्यांच्या ओसऱ्यांवर पुढे कित्येक वर्षे पुरला. सांगली-बेळगावकडच्या हिंदू घरांत तर हा वाद अधिकच अवघड. धर्माने पाहावे तर मर्चंट आपले, भाषेने आणि मातीने पाहावे तर हजारे. जातीय सामन्यांची ही वाटणी किती पोकळ होती हे दाखवायला दुसरा पुरावा नको. १९४५-४६ नंतर ते सामने बंदच झाले.

मार्च १९४७ मध्ये बडोद्याला रणजीचा अंतिम सामना झाला. समोर कर्नल नायडूंचा होळकर संघ, म्हणजे इंदूर विरुद्ध बडोदे, दोन मराठी दरबारांचीच झुंज. हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या जोडीची भागीदारी ५७७. कोणत्याही जोडीसाठी हा जागतिक उच्चांक होता, आणि तो मोडायला २००६ साल उजाडावे लागले.

१९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला प्रतिपक्ष होता ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया. ब्रॅडमन यांच्या २०१ धावा झाल्यावर त्यांचा त्रिफळा उडवला तो हजारेंनीच. (हा मनुष्य गोलंदाजही होता, हे आपण विसरतो; प्रथम श्रेणीत त्यांचे ५९५ बळी आहेत.) पहिल्या डावात त्यांनी ११६ धावा केल्या. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात गडी टिपले, भारताचे सहा फलंदाज शून्यावर गेले, आणि २७७ पैकी १४५ धावा एकट्या हजारेंच्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. सामना याही वेळी हरला होता.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते पुन्हा ब्रेबॉर्नवर उतरले. समोर वेस्ट इंडीज, जिंकायला ३६१ धावा हव्या. आता चौकट बदलली होती. जी मुंबई पाच वर्षांपूर्वी त्यांच्या बाद होण्याची वाट पाहत होती, तिचाच सगळा भरवसा त्यांच्या बॅटवर होता. हजारेंनी १२२ धावा केल्या, रुसी मोदींनी ८६. भारत ८ बाद ३५५ वर थांबला, विजयाला सहा धावा कमी, आणि पंचांनी खेळ थोडा आधीच संपविला. ती चुटपुट जुन्या मुंबईकरांना अखेरपर्यंत लागून राहिली.

१९५१ ते १९५३ त्यांनी भारताचे नेतृत्व केले. १९५२ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळालेला भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच कारकिर्दीतला. त्यांचा शांत, अबोल स्वभाव कर्णधारपदाला फारसा मानवला नाही, असे जाणकार म्हणत, आणि त्यात तथ्य असावे. ३० कसोट्या, २,१९२ धावा, सात शतके. १९६० साली पद्मश्री. सावकाश, चिकाटीने खेळणाऱ्या या फलंदाजाचे नाव पुढे देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकाला देण्यात आले, हा नियतीचा विनोदच म्हणायचा.

सांगलीचे हजारे परतले नाहीत. ज्या संघावर त्यांनी ३१६ धावा चढविल्या, त्याच्याच गावी, बडोद्याला, १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले.