राजाबाईचा मुलगा

उधन्यातली मराठी घरं बहुतेक खानदेशातून आली, ताप्ती लाइनने, लूमच्या कामाला. ही लाइन १९०० च्या आसपासची. पण त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, खानदेश-वऱ्हाडचा आणि गुजरातचा कापूस विकून एका सुरतकराने अख्खी मुंबई हलवून सोडली होती. त्यांचं नाव प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी निदान फोटोत तरी पाहिलेला असतो. तो बांधायला पैसे देणारा माणूस सुरतेचा, हे मात्र इथेही फार जणांना ठाऊक नाही.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ च्या सुमारास सुरतेत, एका साध्या जैन व्यापाऱ्याच्या घरात झाला. पुढे कुटुंब मुंबईला गेलं आणि विशीच्या आतबाहेर ते दलालीत शिरले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. साहेब आणि शेठ यांच्या मधे उभं राहायला दुसरं भांडवल त्यांच्याकडे नव्हतं. भाषा हेच भांडवल. आपण दोन भाषांत वावरणारी मुलं, त्यामुळे मला ही गोष्ट जवळची वाटते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. भाव असे चढले की लोकांनी गाद्या उसवून त्यातला कापूस विकला म्हणे. मुंबईत पैसा ओतला गेला, आणि एवढ्या पैशाचं करायचं काय म्हणून रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघू लागल्या. त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे समुद्र हटवून जमीन करणारी बॅक बे कंपनी. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला! या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद. बँक ऑफ बॉम्बेत त्यांचा शब्द चाले. त्यांच्या शब्दावर, धड तारण न घेता, कर्जं दिली गेली.

याच तेजीत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला आधी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मागणी एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यावं. आई अंध होती, सूर्यास्ताआधी जेवण्याचा तिचा नेम होता, टोल्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. पण त्यांचं घर भायखळ्याला आणि मनोरा फोर्टात, म्हणून मला ती जरा अवघड वाटते. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे आशुतोष मुखर्जी आणि जदुनाथ सरकार यांना मिळाली.

एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करली. कापूस कोसळला. १ जुलैला शेअरचे वायदे पुरे करायचे होते, आणि त्या दिवशी कोणाकडेच पैसे नव्हते. कंपन्या बुडाल्या, घरं बुडाली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली, चौकशी आयोग बसला. प्रेमचंदांची मालमत्ता देणेकऱ्यांकडे गेली.

त्यांना दानशूर म्हणताना मी इथे अडखळते. ज्या तेजीतून दान निघालं, त्याच तेजीत इतरांची आयुष्यभराची पुंजी गेली. त्या लोकांची नावं कुठल्याच मनोऱ्यावर नाहीत. दुसरीकडे हेही खरं, की दिलेले चार लाख विद्यापीठाकडे सुरक्षित राहिले. तेच त्यांच्या तिजोरीत असते तर तेही बुडाले असते. १८६९ मध्ये मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये तो उभा राहिला. पैसे देणारा तोवर कधीच रस्त्यावर आला होता.

ते मुंबई सोडून पळाले नाहीत. पुन्हा दलालीला बसले, छोट्या व्यवहारांपासून. १८७५ मध्ये देशी शेअर दलालांनी आपली संघटना केली, आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद होते. ज्या धंद्याने बुडवलं त्याला नियम लावायला तेच पुढे आले, याचं मला फार नवल वाटतं. आधीची श्रीमंती मात्र परत आली नाही. पुढची चाळीस वर्षं ते तसे शांतपणेच जगले.

१९०६ मध्ये ते वारले. भायखळ्याच्या लव्ह लेनमधला त्यांचा ‘प्रेमोद्यान’ बंगला पुढे सिस्टरांकडे आला आणि तिथे अनाथ मुलींची सोय झाली. रेजिना पाचिस कॉन्व्हेंट ते हेच.