फॅनी बर्नीचा धसका

गाठ लहान आहे, वेळेवर कळली, घाबरू नका, असं डॉक्टर सांगतात. घरचेही तेच म्हणतात. नि तरीही रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही! स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिरांना मदत करताना अशा कितीजणी मला भेटतात. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं तरी काखेत जरा दुखलं की पोटात गोळा येतो. पण बोलायची चोरी. सगळं नीट पार पडलं ना, मग आता कसलं रडणं, असं ऐकून घ्यावं लागतं. अशा मैत्रिणींना मी फॅनी बर्नीबद्दल सांगते.

बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना हे नाव आठवेल. जन्म १७५२चा, इंग्लंडमधला. वडील संगीताचे मोठे अभ्यासक. १७७८ मध्ये तिची ‘एव्हेलिना’ ही कादंबरी आली ती लेखिकेचं नाव न घालता, कारण घरंदाज मुलीनं कादंबऱ्या लिहिणं तेव्हा शोभत नसे. पुस्तक गाजलं, नाव फुटलंच. पुढे राणी शार्लटच्या पोशाखांची देखरेख करण्याची नोकरी तिनं पाच वर्षं केली. मानाची खरी, पण जीव गुदमरवणारी. १७९३ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, तिनं दार्ब्ले नावाच्या परागंदा फ्रेंच सेनापतीशी लग्न केलं. त्याच्याजवळ पैसा नव्हता. ‘कॅमिला’ या तिच्या कादंबरीच्या कमाईतून त्यांचं घर उभं राहिलं. हे मला फार आवडतं!

१८०२ मध्ये ती मुलाला घेऊन नवऱ्यापाठोपाठ फ्रान्सला गेली. दुसऱ्याच वर्षी दोन्ही देशांत युद्ध पेटलं नि ती तिकडेच अडकली. माहेरच्या माणसांना साधं पत्र धाडणंही अवघड झालं.

ऑगस्ट १८१०च्या सुमारास तिच्या उजव्या स्तनात बारीक दुखू लागलं. ते वाढत गेलं, पण फार तीव्र नव्हतं म्हणून तिनं अंगावर काढलं. आपल्याकडे नाही का, सणवार होऊ दे, लेकीचं बाळंतपण उरकू दे, मग बघू! डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागला तो नवरा. ती मात्र टाळत राहिली. शेवटी डॉक्टर आले, औषधं झाली, मध्येच बरं वाटलं, पुन्हा बळावलं. अखेर नेपोलियनच्या सैन्याचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य लॅरे नि त्यांच्या सोबत्यांनी स्तन काढावा लागेल असं सांगितलं. सांगताना लॅरेंचे डोळे भरून येत.

दिवस आधी कळवायचा नाही, चार तास अगोदर फक्त निरोप यायचा, असं ठरलं. म्हणजे दार वाजलं की काळजात धस्स. नवऱ्याला ते बघवणार नाही म्हणून त्या वेळी त्याला कामाच्या निमित्तानं घराबाहेर ठेवायची व्यवस्थाही तिनंच केली.

३० सप्टेंबर १८११ला निरोप आला. तयारी झाली नि कळलं, डॉक्टरांना तीन वाजेपर्यंत येता येत नाही! तयार खोलीत डोकावली तर पट्ट्या, बोळे यांचा ढीग. मग ती नुसती येरझारा घालत राहिली, इतकी की मन अगदी बधिर झालं. तीनचे ठोके पडले तशी भानावर आली नि नवऱ्याला आणि मुलाला चार ओळी लिहून ठेवल्या, न जाणो काही झालंच तर.

काळ्या कपड्यातले सात पुरुष आले. भुलीचं औषध तेव्हा नव्हतंच, ईथर आलं १८४६ मध्ये. थोडं मद्य दिलं, तोंडावर पातळ रुमाल टाकला. त्यातून तिला पात्याची चकाकी दिसली. पुढचं मी लिहीत नाही. वीस मिनिटं चाललं. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ओरडणं दाबून धरू नकोस, त्यानं अपाय होईल, असं डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं. मुलाच्या जन्माच्या वेळी ओरडली होतीस ना, असंही विचारलं होतं. सोसून गप्प राहण्याचं कौतुक करणाऱ्या आपल्या घरांत हे किती जणी ऐकतात?

जखम भरली, पण धसका गेला नाही. कित्येक महिने तिला त्याविषयी बोलवेना, नुसता विषय निघाला तरी त्रास होई. मार्च १८१२ मध्ये तिनं बहीण एस्थरला सविस्तर पत्र लिहायला घेतलं. लिहिताना डोकं दुखायचं, पत्र संपायला जून उजाडला. लिहिलेलं परत वाचायचा धीर तिला झाला नाही.

तिला झालेला कॅन्सरच होता का, याबद्दल आजचे काही डॉक्टर शंका घेतात, कारण गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची सोय तेव्हा नव्हती. आज सुई टाकून तपासणी होते, पूर्ण भूल देतात, लवकर कळलं तर पुष्कळदा स्तन वाचतोही. भीती मात्र तशीच आहे. तिच्यासाठी समुपदेशक असतात, झोपेच नि काळजीचं डॉक्टरांना सांगितलं तर तेही उपचार करतात. फॅनीला होती ती फक्त लेखणी.

त्या पत्रात, आपण दुखणं अंगावर काढलं हे तिनं मोकळेपणी सांगितलंय, बहिणींनी नि भाच्यांनी तरी सावध व्हावं म्हणून. १८१२ मध्येच ती मुलाला घेऊन इंग्लंडला परतली. १८१४ मध्ये तिची आणखी एक कादंबरी आली. नवरा १८१८ मध्ये गेला, एकुलता एक मुलगा १८३७ मध्ये. ती स्वतः गेली ६ जानेवारी १८४० रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी. ऑपरेशननंतर २८ वर्षांनी.